एकाच बाजूला उकलणारी 12 मिमीची सळई: स्लिट रोलिंगमधल्या एका दोषाचा तपास

पार्श्वभूमी

जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या रोलिंग मिल्स दाटीवाटीने उभ्या आहेत. त्यातल्याच एका मध्यम मिलची ही गोष्ट. नावं आणि ओळखीच्या खुणा काढून टाकल्या आहेत.

या मिलकडे स्वतःची वितळभट्टी नाही. शेजारच्या दोन इंडक्शन भट्टीवाल्यांकडून 125 मिमी चौरस बिलेट्स (पोलादाचे लांब ठोकळे) घ्यायची, पुशर भट्टीत साडेअकराशे अंश सेल्सिअसच्या वर तापवायची आणि 8 ते 25 मिमीच्या सळया काढायच्या, असं काम. माल मुख्यतः आयएस 1786 या भारतीय मानकाप्रमाणे एफई 500डी दर्जाचा. शेवटच्या स्टँडनंतर (स्टँड म्हणजे रोलची एक जोडी) टीएमटी बॉक्स आहे. तिथे जोरदार पाण्याने सळईची कातडी झटक्यात थंड होते, मग कूलिंग बेडवर आतल्या उष्णतेने तीच कातडी सहाशे अंशांच्या आसपास पुन्हा तापते आणि थोडी मऊ होते. बाहेर कडक कडं आणि आत मऊ गाभा, ही टीएमटी सळईची रचना.

10 आणि 12 मिमीचा माल ही मिल स्लिटिंगने काढते. म्हणजे एकाच पट्टीच्या शेवटी दोन सळया. आधी सपाट पट्टी, मग तिला मधोमध चिमटून डमरूसारखा छेद, मग स्लिट पासमध्ये (पास म्हणजे रोलवरची खाच, जिच्यातून बार दाबला जातो) तो चिमटा इतका खोल की दोन गोलसर भागांमध्ये जेमतेम पाऊण-एक मिलिमीटरची पातळ पट्टी उरते. ही पट्टी रोल कापत नाहीत. बाहेर पडल्या पडल्या गाईड बॉक्समधली दोन स्लिटर चाकं पाचरीसारखी आत घुसून दोन्ही धागे एकमेकांपासून फाडून अलग करतात. पुढे प्रत्येक धागा ओव्हल पासमधून जातो, 90 अंशांत पिळला जातो आणि फिनिशिंग पासमध्ये त्यावर रिब, म्हणजे सळईवरचे उंचवटे, उमटतात. सेकंदाला दहा-बारा मीटरच्या वेगाने हे सगळं होतं, त्यामुळे चालू मिलमध्ये डोळ्यांना लाल रेघेपलीकडे काही दिसत नाही.

स्लिटिंगमुळे लहान व्यासाच्या मालाचं उत्पादन जवळपास दुप्पट होतं. म्हणूनच पुढे ‘स्लिटिंग बंद करा’ हा पर्याय कुणी फार वेळ मनावर घेतला नाही.

तक्रार

एका लहान पुलाच्या कामावर पिअर कॅपच्या (खांबाच्या डोक्यावरच्या तुळईच्या) रिंगा 12 मिमीच्या होत्या. फिटर लोकांनी रिंगा वाकवायला घेतल्या तेव्हा काही रिंगांच्या कोपऱ्यात, बाहेरच्या अंगाला, सळई लांबीच्या दिशेने उकललेली दिसली. आडवी तुटलेली एकही नव्हती. काही ठिकाणी फट इतकी की नख आत जावं. आणि सगळ्या रिंगांना तसं नव्हतं: एकाच बंडलातल्या एका सळईच्या रिंगा खराब, शेजारच्या सळईच्या साफ. काही वेळा तर एकाच रिंगेचे दोन कोपरे उकललेले आणि बाकीचे धडधाकट.

ठेकेदाराने फोटो पाठवले. मिलच्या विक्री विभागाने ठरलेलं उत्तर पाठवलं: टेस्ट सर्टिफिकेट पाहा, सगळं पास आहे, तुमची वाकवायची पिन लहान असेल. यातला पिनेचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. एफई 500डीच्या 20 मिमीपर्यंतच्या सळईसाठी बेंड टेस्टची पिन व्यासाच्या तिप्पट, म्हणजे 12 मिमीला 36 मिमी. साइटवरची पिन 25 मिमीच्या आसपास होती, आणि साइटवर हे सर्रास चालतं. पण ठेकेदाराने शहाणपण केलं. त्याने 36 मिमीची पिन बसवून घेतली, पुन्हा रिंगा वाकवल्या आणि व्हिडिओ पाठवला. उकलणाऱ्या सळया तरीही उकलल्याच. मग मालकांनी मला बोलावलं.

पहिला संशय: बिलेट

मी पोहोचलो तोवर मिलमध्ये निकाल लागलेला होता. दोष बिलेटचा. पुरवठादाराला पत्र तयार होतं, फक्त माझी सही बाकी होती.

या निष्कर्षाला आधार होता. तक्रारीतल्या हीटचं (भट्टीतल्या त्या एका वितळीचं) फॉस्फरस 0.038 टक्के निघालं होतं. एफई 500डीला मर्यादा 0.040. इंडक्शन भट्टीच्या आम्लधर्मी अस्तरात फॉस्फरस किंवा गंधक बाहेर काढता येत नाही. भंगारातून जे आलं ते तसंच सळईत उतरतं, फार तर चांगला स्पंज आयर्न घालून पातळ करता येतं. फॉस्फरस जास्त असलं की पोलाद ठिसूळ होतं हे इथे पोराटोरांनाही ठाऊक. शिवाय त्या भट्टीवाल्याची काही बिलेट्स चौरसाऐवजी शंकरपाळ्यासारखी तिरपी यायची. मोल्ड ट्यूब झिजली की बिलेट असं कर्णाकडे ओढलं जातं, आणि मग कोपऱ्यालगत आतून चिरा पडायचा धोका वाढतो. मिलचं त्याच्याशी याच कारणावरून आधीपासून वाजत होतं. आरोपी तयारच होता म्हणा ना.

दुसरी शंका टीएमटी बॉक्सवर होती. पाणी जास्त झालं की कडं जाड आणि कडक होतं, वाकवताना तडकतं. पण तसं असतं तर यील्ड स्ट्रेंग्थ (ज्या ताणापासून सळई कायमची लांबायला लागते) वर गेली असती आणि इलाँगेशन (तुटेपर्यंतचं लांबणं) पडलं असतं. नोंदी पाहिल्या: यील्ड 545 न्यूटन प्रति चौरस मिमीच्या आसपास, अंतिम ताकद 640, इलाँगेशन 18 टक्के. दर्जाला लागतात 500, 565 आणि 16. अंतिम ताकद यील्डपेक्षा निदान 10 टक्के जास्त हवी, ती अटही आरामात पुरी होत होती. रीबेंडचे (वाकवून परत उलगडायच्या चाचणीचे) निकालही स्वच्छ. ठिसूळ सळई असे आकडे देत नाही. आणि फॉस्फरसने आलेला ठिसूळपणा सळईला आडवा तोडतो; लांबीच्या दिशेने, तेही एकाच बाजूला, उकलत नाही.

मी पत्रावर सही केली नाही. तक्रारीचं उत्तर लवकर द्यायचं होतं आणि ‘बिलेट पुरवठादाराला कळवलं आहे’ हे वाक्य ग्राहकाला पटकन पटलं असतं, त्यामुळे विक्रीवाले नाराज झाले. पण पत्र गेलं असतं तर तपास तिथेच संपला असता आणि मिल तोच माल काढत राहिली असती.

सळई हातात घेतल्यावर

साइटवरून परत आलेल्या सळयांचे वीतभर तुकडे कापून कोमट, पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात टाकले. खवले उतरले आणि रेघ दिसू लागली: केसाइतकी बारीक, काळसर, अगदी सरळ. तुकडा बोटांमध्ये फिरवून पाहिला. दोन लांब रिबांच्या बरोबर मधून, तिरप्या रिबांना छेदत, ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली होती. तुकडा अर्धा फिरवून पलीकडची बाजू पाहिली. तिथे काहीच नव्हतं.

सगळा तपास या निरीक्षणावर उभा राहिला, म्हणून जरा थांबून सांगतो.

बिलेटमध्ये चीर असेल तर ती रोलिंगमध्ये लांब ताणली जाते खरी, पण तिची जागा ठरलेली नसते. ती येते, वाकडी होते, मध्येच संपते आणि घेरावर कुठेही दिसते. फिनिशिंग रोलला तडा असेल तर खूण सलग नसते, रोलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा उमटते. 300 मिमी व्यासाच्या रोलला ती 90 ते 95 सेंटिमीटरवर पुन्हा दिसली पाहिजे. आधीच्या एखाद्या स्टँडवरची खूण असेल तर पुढे सळई जितकी लांबते तितक्या पटीने हे अंतर वाढतं. टेप लावली की स्टँड सापडतो. गाईडने ओरखडा काढला असेल तर तो उघडा असतो, तळ दिसतो. ओव्हल पास जास्त भरला असेल तर ओव्हलच्या दोन्ही कडांना पदर सुटतात, पुढच्या पासमध्ये ते दोन्ही दाबले जातात आणि रेघा समोरासमोर दोन येतात.

आपल्याकडे मात्र एकच रेघ होती, सलग, सरळ आणि ठरलेल्या जागी. आता उलट दिशेने चालत गेलं की झालं. लांब रिब फिनिशिंग रोलच्या फटीत तयार होतात, म्हणून रिबांच्या मधली जागा म्हणजे पासचा तळ. फिनिशिंगच्या आधी सळई 90 अंश पिळलेली असते, म्हणून तळाशी आलेली जागा ओव्हलमध्ये कडेला होती. आणि ओव्हलच्या दोन कडांपैकी एकच कड अशी, जिच्याबाबतीत काहीतरी वेगळं घडलेलं असतं. ती कड शेजारच्या धाग्यापासून फाडलेली असते.

खात्रीसाठी छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. रेघ सरळ आत न जाता तिरपी शिरत होती, कातडीला जवळजवळ समांतर, खोली 0.3 ते 0.4 मिमी. आत करडा ऑक्साईडचा थर होता. पण महत्त्वाचं होतं ते जे नव्हतं: चिरेच्या काठाला कार्बन कमी झालेला पांढरा पट्टा नव्हता. चीर बिलेटमध्ये आधीपासून असती तर पुशर भट्टीतल्या मुक्कामात तिच्या काठांवरचा कार्बन जळून गेला असता आणि नायटल (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलचं मिश्रण) लावल्यावर तो पट्टा स्पष्ट दिसला असता. ही चीर भट्टीनंतर, रोलिंगच्या अखेरीस जन्मली होती. (मिल डायरेक्ट रोलिंगवर चालत असती, म्हणजे बिलेट भट्टीत न जाता थेट रोलिंगला येत असतं, तर हा पुरावा इतका ठाम मानता आला नसता.)

याला लॅप म्हणतात. पोळी लाटताना कड दुमडली गेली आणि तिच्यावरूनच लाटणं फिरवलं, की दुमड दिसेनाशी होते पण जुळत नाही, तसंच. हजार अंशांना पोलाद मऊ असलं तरी मधे ऑक्साईड आला की दोन पदर एकजीव होत नाहीत.

मग टेस्टमध्ये पास कसं झालं?

मिलच्या प्रयोगशाळेवर खोटेपणाचा आरोप करायला ठेकेदार उत्सुक होता. त्यात तथ्य नव्हतं. ताण चाचणीत जोर सळईच्या लांबीने लागतो आणि लॅपही लांबीनेच असतो. तो छेद कमी करत नाही, म्हणून आकड्यांत उमटत नाही. रसायन तपासणीला त्याचा गंधच नाही.

राहिली बेंड टेस्ट. एका लॅपवाल्या सळईचे तीन तुकडे केले आणि 36 मिमीच्या पिनेवर 180 अंशांत वाकवले: एकात रेघ बाहेरच्या अंगाला, एकात आतल्या, एकात बगलेला. पहिला उकलला. बाकीचे दोन्ही नियमाप्रमाणे पास. प्रयोगशाळेतला मुलगा तुकडा हाताला येईल तसा मशीनवर ठेवत होता. रेघ बाहेर येणं हा निव्वळ योगायोग. एकाच रिंगेचे काही कोपरे का उकलले आणि काही का नाही, याचंही उत्तर यात होतं. वाकवताना सळई थोडी फिरली की रेघेची बाजू बदलते.

समोर आलेले पर्याय

कारण कुठल्या भागात आहे ते कळलं होतं, नेमकं काय बिघडलंय ते नाही. या टप्प्यावर मालकांच्या केबिनमध्ये जी बैठक झाली तिथे चार रस्ते पुढे आले.

विक्री प्रमुखांचं म्हणणं होतं की मानकाचा आधार घ्यावा. गंज, खवले, पृष्ठभागाची अनियमितता एवढ्यावरून माल नाकारता येत नाही, ब्रशने साफ केलेला नमुना सगळ्या चाचण्यांत पास होत असेल तर. आमचा नमुना पास आहे. कागदावर बाजू मजबूत. पण बेंड टेस्टचा पहिला तुकडा टेबलावर उकललेल्या अवस्थेत पडलेला असताना ‘सगळ्या चाचण्यांत पास’ हे कुठल्या तोंडाने म्हणायचं, असं मालकांनीच विचारलं. हा रस्ता तिथे बंद झाला.

दुसरा पर्याय फोरमनने सुचवला: टीएमटी बॉक्सचं पाणी थोडं कमी करा. हा सगळ्यात मोहाचा होता, कारण तो चालला असता. कडं मऊ झालं की लॅप असूनही वाकताना सळई कमी उकलते. फोरमन लबाड नव्हता. मिलवर अनुभवाने शिकलेला माणूस लक्षण दिसलं की हाताशी असलेला व्हॉल्व्ह फिरवतो. पण यील्ड 545 वरून 510-515 वर आली असती, एखाद्या दिवशी भट्टीतून बिलेट जरा जास्त तापून आलं की 500 च्या खाली गेली असती, आणि लॅप तसाच राहिला असता. दिसणारा दोष झाकून न दिसणारा दोष विकत घेण्यासारखं होतं ते.

तिसरा, 12 मिमी काही दिवस एकेरी धाग्याने काढायचा. दोष निश्चित थांबला असता. पण पासची सगळी मांडणी बदलावी लागणार, तासाचं उत्पादन निम्म्यावर येणार, आणि हातातल्या ऑर्डरी 12 मिमीच्याच जास्त.

चौथा, मिल धावत असताना मुद्दाम थांबवायची, बार स्टँडमध्ये अडकवायचा आणि प्रत्येक स्टँडच्या पुढचा-मागचा तुकडा कापून काढायचा. किंमत: एक बिलेट भंगारात, एक पाळी वाया, आणि रोलला थोडा धोका. मालकांनी पाळी द्यायला होकार दिला, पण रात्रीची नाही. तेव्हा रात्री विजेचा दर कमी असायचा आणि ती वेळ त्यांना उत्पादनाला हवी होती, यावरून थोडी घासाघीस झाली. शेवटी रोल बदलायला मिल तशीही थांबणार होती, त्याच्या जरा आधी बार अडकवायचं ठरलं.

मिल थांबवून घेतलेला नमुना

गॅस कटरने तुकडे काढले, थंड केले, टोकं घासून घेतली. स्लिट स्टँडच्या पुढचा छेद हातात आला आणि चर्चा संपली. दोन धाग्यांमधली पट्टी, जी फार तर 0.8 मिमी असायला हवी, ती 1.4 मिमी होती. स्लिटर चाकांनंतरच्या तुकड्यावर फाटलेली कड बोटाला करवतीसारखी लागत होती. एका अंगाला पदर सुटून वर उचललेला. ओव्हलनंतरच्या तुकड्यात तोच पदर कातडीवर झोपलेला दिसत होता.

पट्टी जाड का झाली, याचं उत्तर रोलवर होतं. स्लिट पासच्या मधोमध जी धार असते ती सगळ्यात पातळ, सगळ्यात जास्त तापणारी आणि सगळ्यात आधी झिजणारी. तिच्यावर सतत पाणी लागतं. इथे पाणी बोअरचं, जड. वरच्या रोलच्या तीन नोझलपैकी मधलं क्षाराने जवळपास बुजलेलं होतं. धार तापून बोथट झाली, ठिकठिकाणी तिचे कपचे उडाले. वरच्या आणि खालच्या धारा एकमेकांवर आपटून आणखी कपचे उडू नयेत म्हणून रोलिंगवाल्यांनी स्क्रू फिरवून फट वाढवली. त्यांच्या दृष्टीने त्यांनी रोल वाचवला. फट वाढली की पट्टी जाड, पट्टी जाड की चाकं तिला नीट फाडू शकत नाहीत, ओरबाडतात.

दुसरी गोष्टही त्याच छेदात सापडली. दोन धागे सारखे नव्हते. स्लिट स्टँडच्या तोंडाशी असलेल्या रोलर गाईडचं एक बेअरिंग खिळखिळं झालं होतं आणि बार किंचित एका बाजूला सरकून आत जात होता. एका धाग्यात माल जास्त, दुसऱ्यात कमी. जड धागा ओव्हलमध्ये कडेपर्यंत भरत होता, म्हणून त्याचा पदर हमखास दुमडला जायचा. हलक्या धाग्यात क्वचित. तक्रारीत साधारण निम्म्याच सळया खराब का, ते आता कळलं.

हे वजनाच्या नोंदीत दिसायला हवं होतं. 12 मिमीचं नाममात्र वजन मीटरला 0.888 किलो. आम्ही दोन्ही धाग्यांचे नमुने वेगवेगळे तोलले: एक 0.905, दुसरा 0.862. दोन्ही मानकाच्या मर्यादेत. सरासरी काढली तर 0.883, म्हणजे अगदी देखणा आकडा. मिलच्या वहीत फक्त सरासरी लिहिली जायची. दोन धाग्यांमधला जवळजवळ पाच टक्क्यांचा फरक त्या एका आकड्याने गिळून टाकला होता.

दुरुस्ती

यात सांगण्यासारखं नवल फार नाही. स्लिट पास बदलला, स्लिटर चाकं आणि रोलर गाईडची बेअरिंगं नवी टाकली, बुजलेली नोझल काढून मोठ्या भोकाची बसवली आणि पाण्याच्या लाइनवर गाळणी लावली. फट फीलर गेजने मोजून लावायची, डोळ्याने नाही, असं ठरलं. चालू मिलमध्ये रोल ताणले जाऊन फट थोडी वाढते, तेव्हा थंड असताना किती ठेवायची ते पहिल्या दोन-तीन बारांच्या छेदावरून ठरवलं.

जो बदल मला सर्वात उपयोगी वाटतो तो फुकटचा आहे. दर तासाला शिअरवरून (कापणीच्या यंत्रावरून) दोन्ही धाग्यांचा एकेक तुकडा घ्यायचा, वेगळा तोलायचा, ब्रश मारून स्लिटची बाजू शोधायची आणि ती बाजू बाहेर ठेवूनच वाकवायची. स्लिटची बाजू ओळखणं सोपं व्हावं म्हणून तुकडा काढतानाच त्या अंगाला खडूची खूण करतात.

साइटवरच्या मालाचं काय केलं

हा भाग तांत्रिकदृष्ट्या साधा आणि व्यवहारात सगळ्यात अवघड होता. न वापरलेला माल मिलने परत घेतला. गोदामातला त्याच काळातला माल निवडून काढायचा तर पंचाईत झाली: बंडलाच्या टॅगवर हीट नंबर होता, पण रोलिंगची पाळी नव्हती आणि धागा तर नव्हताच. कूलिंग बेडवर दोन्ही धागे एकत्र मिसळतात. दोष बिलेटचा असता तर हीट नंबरने माल अचूक वेगळा झाला असता. रोलिंगच्या दोषाला तो नंबर काही कामाचा नाही. अखेर स्लिट पास मागच्या वेळी बदलला तेव्हापासूनचा सगळा 12 मिमी माल अडवावा लागला, चांगल्यासकट. काही लोक म्हणाले, हा एफई 415 म्हणून खाली विकून टाका. पण वाकवताना उकलणारी सळई कुठल्याही दर्जाच्या नावाने उकलतेच. तो माल कापून भट्टीवाल्यांना भंगार म्हणून गेला.

पुलाच्या दोन पिअर कॅपमध्ये काँक्रीट आधीच पडलेलं होतं. त्यातल्या रिंगा बांधण्यापूर्वी फिटरने उघडउघड उकललेल्या बाजूला काढल्या होत्या, पण बारीक चीर असलेली एखादी आत गेली असणं शक्य होतं. हा निर्णय मिलचा नव्हता आणि माझाही नाही. आम्ही छेदांचे फोटो, चिरेची खोली आणि तिन्ही बाजूंच्या बेंडचे निकाल पुलाच्या डिझायनरकडे दिले. त्यांनी रिंगांचा काही हिस्सा कामातून गेला असं धरून कातरबळाची गणितं पुन्हा केली, शिल्लक क्षमता पुरेशी निघाली आणि दोन्ही कॅप तशाच ठेवल्या. बाकीच्यांसाठी नव्या रिंगा बांधायला लावल्या. अहवाल त्यांच्या हाती चिरेच्या मोजलेल्या खोलीसह गेला म्हणून हे गणित होऊ शकलं. ‘किरकोळ पृष्ठदोष’ एवढंच लिहून पाठवलं असतं तर त्यांनी कॅप फोडायला सांगितल्या असत्या, आणि त्यांचं चुकलं नसतं.

परिणाम

पास बदलल्यानंतरच्या मालात स्लिटची बाजू बाहेर ठेवून घेतलेले बेंड स्वच्छ आले. दोन धाग्यांमधला वजनाचा फरक एक-दीड टक्क्यावर उतरला. ठेकेदार टिकला. बिलेट पुरवठादाराला पत्र गेलं नाही. तिरप्या बिलेट्सवरून वाद मात्र चालूच आहे आणि तो रास्तही आहे, फक्त या प्रकरणाशी त्याचा संबंध नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

तक्रार आल्याबरोबर रसायन तपासायला पाठवण्याऐवजी कुणी सळई आम्लात बुडवून नुसती फिरवून पाहिली असती, तर पुढचे बरेच दिवस वाचले असते. आम्ल, बादली आणि टेप. स्पेक्ट्रोमीटरचा निकाल छापून येतो म्हणून तो जास्त खरा वाटतो, हे मी बऱ्याच मिल्समध्ये पाहिलं आहे.

फट वाढवली गेली तो क्षण खरा निर्णयाचा होता, आणि त्याची नोंद कुठेच नाही. स्क्रू किती फिरवला, कुणी, का, हे विचारल्यावर तीन पाळ्यांकडून तीन उत्तरं आली. पास किती टनांनंतर बदलायचा याचं कोष्टक भिंतीवर होतं. पण 12 मिमीची घाई असताना तो आकडा ओलांडून मिल चालवली गेली, आणि तोंडी परवानगी वरूनच आली होती. अशा वेळी रोलिंगवाल्याकडे दोनच गोष्टी उरतात: धार तुटू द्यायची किंवा फट उघडायची. मी त्याच्या जागी असतो तर मीही फट उघडली असती.

टॅगवर पाळी आणि तास छापायला मिलने सुरुवात केली. दोन धागे कूलिंग बेडवर वेगळे ठेवून वेगळी बंडलं बांधावीत असं मी सुचवलं होतं. जागा आणि माणसं नाहीत म्हणून ते झालं नाही. मला ते पटलेलं नाही, पण धाग्यांचं वजन दर तासाला वेगळं लिहिलं जात असेल तर निदान फरक पडायला लागला की त्याच पाळीत कळेल. फोरमनचा बोनस अजून टनावरच ठरतो. रोल बदलण्यासाठी मिल थांबली तर तो वेळ त्याच्या खात्यातून वजा होऊ नये, ही मागणी त्याने स्वतः मालकांपुढे ठेवली आहे. हे लिहीपर्यंत त्यावर निर्णय झालेला नव्हता.